तलफ, आस्वाद आणि वेदना : ‘डोपामाईन नेशन’ या ग्रंथाची एक चिकित्सा

१. ग्रंथ आणि प्रश्न

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. ॲना लेम्बके यांचा ‘डोपामाईन नेशन’ हा ग्रंथ २०२१ साली प्रसिद्ध झाला. व्यसनाधीन रुग्णांवर दीर्घकाळ उपचार केलेल्या या लेखिकेने तो सामान्य वाचकासाठी लिहिला आहे. व्यसनाविषयी सुशिक्षित समाज आज ज्या भाषेत बोलतो, ती भाषा रूढ करण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. मेंदूतील डोपामाईन नावाचे द्रव्य, त्याची ‘लाट’, त्याचा ‘तुटवडा’ आणि त्यावरचा ‘उपवास’ हे शब्द आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतूनही सर्रास भेटतात. म्हणूनच या ग्रंथाची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

बौद्ध विद्येच्या अभ्यासकाला या विषयाचे अगत्य वाटण्यास आणखी एक कारण आहे. तण्हा हा आपल्या अभ्यासातील मध्यवर्ती विषय असल्यामुळे, मेंदूतील हव्यासाचे रसायन सापडले असे कानी पडताच ‘बुद्धांनी जिला तण्हा म्हटले तेच हे डोपामाईन’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. या समीकरणाने विज्ञानाची मोहोर धम्मवचनावर उमटल्याचे समाधान मिळते; परंतु त्यात विज्ञानाचाही विपर्यास होतो आणि पालि संज्ञांचाही. प्रस्तुत लेखाचा हेतू लेम्बके यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने या दोन्ही विपर्यासांचा विचार करावा, एवढाच आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ज्या घरात दारू किंवा गर्द शिरली आहे, त्या घरातील माणसे एकच प्रश्न विचारीत असतात : नोकरी गेली, शरीर खंगले, मुले दुरावली, तरी हा ते का सोडीत नाही? ‘त्याला त्यात सुख मिळते म्हणून’ असे उत्तर मिळाले, तर तो माणूस सुखलोलुप ठरतो आणि त्याच्या वाट्याला तिरस्कार येतो. उत्तर निराळे असेल, तर त्याच्याशी वागण्याची रीतही निराळी होते. मेंदूविज्ञानाने गेल्या चार दशकांत दिलेले उत्तर बऱ्याच अंशी निराळे आहे, आणि ते या ग्रंथात कितपत उतरले आहे, हे पाहावयाचे आहे.

२. तराजूची उपमा

ग्रंथाचे तीन भाग असून प्रकरणे नऊ आहेत. पहिला भाग सुखाच्या शोधाविषयी, दुसरा स्वतःला बांधून घेण्याच्या उपायांविषयी आणि तिसरा दुःखाला सामोरे जाण्याविषयी आहे. सर्व विवेचन एका उपमेवर उभे आहे. मेंदूत सुख आणि दुःख यांचा एक तराजू आहे, अशी कल्पना लेखिका करते. सुखाचे पारडे खाली गेले की समतोल साधण्यासाठी लहान लहान खोडकर भुते दुःखाच्या पारड्यावर उड्या घेतात. तराजू पूर्ववत् झाला तरी ती लगेच उतरत नाहीत. त्यामुळे सुखानंतर तितकेच दुःख येते. सेवन वारंवार घडले तर सुख उणावते, दुःख वाढते, आणि शेवटी भुते त्या पारड्यावर तळच ठोकतात. मग मनुष्य सुखासाठी नव्हे, तर केवळ बरे वाटावे म्हणून द्रव्य घेऊ लागतो. यावरील उपाय म्हणून सुमारे एक महिन्याचा संपूर्ण संयम सुचविला आहे. तेवढ्या काळात भुते उतरतात आणि साध्या सुखांची गोडी परत येते, असे प्रतिपादन आहे.

ही उपमा निराधार नाही. १९७४ साली सॉलोमन आणि कॉर्बिट यांनी मांडलेला प्रतिगामी प्रक्रियांचा सिद्धांत आणि पुढे जॉर्ज कूब व मिशेल ल मोआल यांनी केलेला त्याचा विस्तार तिच्या पाठीशी आहे. लेखिकेची शैली सुबोध आहे. रुग्णांविषयी तिला कणव आहे. स्वतःलाच प्रणयकादंबऱ्यांची चटक लागली होती, हे ती मोकळेपणाने सांगते, त्यामुळे उपदेशाचा तोरा कोठे जाणवत नाही. हे गुण मान्य करूनच पुढील आक्षेप मांडले आहेत.

३. ‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्‌तारा बसवून एक प्रयोग केला. दांडी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य स्पर्श होत असे, आणि तो मिळविण्यासाठी उंदीर दांडी पुनःपुन्हा दाबीत राहात. मेंदूतील सुखाचे केंद्र सापडले, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढे या यंत्रणेत डोपामाईनचा सहभाग दिसून आला तेव्हा ‘डोपामाईन म्हणजे सुखाचे रसायन’ हे समीकरण जवळजवळ सर्वमान्य झाले.

या समीकरणाला पहिला मोठा तडा १९८९ साली गेला. केंट बेरिज, टेरी रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाईन जवळजवळ नष्ट केले होते, त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवून पाहिले. असे उंदीर स्वतःहून अन्नाकडे जात नाहीत. समोर अन्न असूनही ते उपासमारीने मरू शकतात. परंतु गोड चव जिभेला लागताच त्यांच्या चेहऱ्यावर निरोगी उंदरांसारख्याच चाटण्याच्या, पसंतीच्या खुणा उमटल्या. याचा अर्थ असा की, आस्वाद शाबूत होता; नाहीशी झाली होती ती त्या आस्वादाकडे धाव घेण्याची प्रेरणा. १९९३ साली बेरिज व रॉबिन्सन यांनी यातून व्यसनाचा एक सिद्धांत उभा केला. डोपामाईन प्रामुख्याने ‘हवे असण्या’शी निगडित आहे, ‘आवडण्या’ची यंत्रणा वेगळी, आकाराने लहान आणि मेंदूतील अफूसदृश नैसर्गिक द्रव्यांवर अधिक अवलंबून आहे. व्यसनात आवडणे वाढत नाही, प्रसंगी ते आटते. हवे असणे मात्र वाढतच जाते.

मराठी भाषिकाला हा भेद समजण्यास कठीण नाही. ‘मला चहा आवडतो’ आणि ‘मला चहा हवा’ ही दोन वाक्ये आपण कधी एक मानीत नाही. ‘तलफ’ हा आपला शब्द तर नेमका दुसऱ्या अर्थाचा आहे. तलफ आलेला मनुष्य सुखात नसतो. तो कासावीस असतो.

डोपामाईनचे आणखी एक कार्य वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून उघड झाले. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की डोपामाईन स्रवणाऱ्या मज्जापेशी उद्दीपित होत. काही काळाने रसापूर्वी दिव्याची खूण देण्यात येऊ लागली, तेव्हा उद्दीपन रसावरून त्या खुणेवर सरकले; अपेक्षित रस मिळाला तरी पेशी शांत राहात, आणि मिळाला नाही तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही मंदावे. १९९७ साली डायन आणि माँटेग यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात शुल्ट्झ यांनी याचे मर्म सांगितले : या पेशी अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतर नोंदवितात. अपेक्षेइतके मिळाले की संदेश थांबतो. नैसर्गिक सुखाला तृप्तीची जी मर्यादा असते, तिच्या कारणांपैकी हे एक असावे.

४. मादक द्रव्ये या यंत्रणेत काय करतात

अन्न, पाणी, कामसुख, अपत्याची जवळीक, मित्रांची संगत या सर्वांना ही यंत्रणा प्रतिसाद देते. मध्यमेंदूतील व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या भागातून निघणारे मज्जातंतू न्यूक्लियस ॲकम्बेन्स या भागात पोहोचतात आणि तेथे डोपामाईन सोडतात. १९८८ साली इटलीतील दि किआरा आणि इम्पेराटो यांनी दाखवून दिले की, अफूवर्गीय द्रव्ये, मद्य, निकोटीन, कोकेन आणि ॲम्फेटामाईन ही परस्परांहून अत्यंत भिन्न द्रव्ये उंदराच्या या एकाच भागात डोपामाईनची पातळी वाढवितात.

त्यांचे मार्ग मात्र निरनिराळे आहेत. सोडलेले डोपामाईन परत शोषून घेणाऱ्या वाहकाला कोकेन अडवून धरते. ॲम्फेटामाईन त्याच वाहकाला उलट्या दिशेने वाहावयास लावते. हेरॉईन व मॉर्फिन ही डोपामाईनच्या पेशींवर लगाम ठेवणाऱ्या पेशींनाच गप्प करतात. लगाम सुटला की डोपामाईनच्या पेशी उधळतात. निकोटीन या पेशींवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींना उद्दीपित करते. मद्य एकाच वेळी अनेक ठिकाणी कार्य करते, आणि मेंदूतील नैसर्गिक अफूसदृश द्रव्यांनाही मुक्त करते. म्हणूनच अफूग्राहींना अडविणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध मद्यासक्तीवर उपयोगी पडते. अमेरिकेत १९९४ साली त्यास या कामासाठी मान्यता मिळाली.

नैसर्गिक सुख आणि मादक द्रव्य यांतील निर्णायक फरक येथे दिसतो. भाकरीचा घास डोपामाईनपर्यंत पोहोचतो तो जिभेच्या, पोटाच्या आणि स्मृतीच्या वाटेने. वाटेत भूक शमल्याचा निरोपही येतो. मादक द्रव्य ही सर्व वाट टाळून थेट पेशीला हात घालते. अपेक्षेइतके मिळाल्यावर जो संदेश थांबावयास हवा, तो द्रव्याच्या रासायनिक बळामुळे थांबत नाही. डेव्हिड रेडिश यांनी २००४ साली गणिती प्रतिमान मांडून असे सुचविले की, त्यामुळे प्रत्येक सेवनाला ‘हे अपेक्षेहून अधिक आहे’ अशी खोटी नोंद होत राहाते आणि त्या द्रव्याचे व त्याच्या खुणांचे मोल वाढतच जाते. गुत्त्याची गल्ली, ठरावीक वेळ, विशिष्ट मित्र, हातातील पगार या सर्व खुणा अशा रीतीने भारल्या जातात.

दुसऱ्या बाजूने मेंदू स्वतःला आवरू पाहातो. नोरा व्होल्को यांच्या चित्रण-अभ्यासांत कोकेन, मद्य, मेथॲम्फेटामाईन व हेरॉईन यांच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत डोपामाईनचे ‘डी-२’ जातीचे ग्राही कमी उपलब्ध असल्याचे आढळले. शिवाय ताणाशी निगडित यंत्रणा आणि डायनॉर्फिन हे द्रव्य सक्रिय होऊन अस्वस्थता, चिडचिड व उदासी निर्माण करतात. साधे जेवण, मुलाचे हसू, सणाचा दिवस यांत काही वाटेनासे होते, ते यामुळे. लेम्बके यांचा तराजू या दुसऱ्या बाजूचे वर्णन चांगले करतो.

५. उपमा कोठे अपुरी पडते

पहिला आक्षेप असा की, तराजूला एकच दांडी असते. तीवर सुख आणि दुःख एवढेच तोलता येते. ‘हवे असणे’ ठेवण्यासाठी तेथे पारडेच नाही. डोपामाईनचा वाटा सुखाहून प्रेरणेत अधिक असावा, हे लेखिकेने स्वतः नमूद केले आहे आणि डोपामाईनविरहित उंदरांचा दाखलाही दिला आहे. तथापि ही नोंद करून झाल्यावर पुढील संपूर्ण विवेचन पुन्हा सुख-दुःखाच्या तराजूवरच चालते. एका परिच्छेदात मान्य केलेले सत्य पुढील प्रकरणांना स्पर्श करीत नाही, ही ग्रंथाची मुख्य उणीव होय.

दुसरा आक्षेप आकड्यांविषयी आहे. उंदराच्या मेंदूत चॉकलेटने डोपामाईन ५५ टक्के, कामसुखाने १०० टक्के, निकोटीनने १५० टक्के, कोकेनने २२५ टक्के आणि ॲम्फेटामाईनने १००० टक्के वाढते, अशी उतरंड ग्रंथात दिली आहे. निरनिराळ्या प्रयोगांतील, निरनिराळ्या मात्रांतील मापे एकाच फूटपट्टीवर मांडल्यामुळे ती सुखाची पातळी मोजणारी कोष्टके आहेत असा ग्रह होतो. डोपामाईनची वाढ म्हणजे सुखाची वाढ नव्हे हे वर पाहिलेच आहे. शिवाय द्रव्य मेंदूत किती वेगाने पोहोचते, यावरही त्याची आसक्ती लावण्याची शक्ती बरीच अवलंबून असते; तेच निकोटीन सिगारेटमधून घेतले तर चटक लावते आणि त्वचेवरील पट्टीतून हळूहळू दिले तर चटक सोडविण्यास मदत करते. टक्केवारीच्या उतरंडीत हा भेद लुप्त होतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महिनाभराच्या संयमाने तराजू समतोल होतो, हे माघारीच्या त्रासाबाबत बऱ्याच अंशी खरे असेलही; तलफेबाबत ते तसे खरे नाही. २००१ साली ग्रिम, होप, शाहाम आणि सहकाऱ्यांनी कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना द्रव्यापासून दूर ठेवून ठरावीक काळाने द्रव्याशी निगडित खुणा दाखविल्या. त्या खुणांना उंदरांनी दिलेला प्रतिसाद काळाबरोबर ओसरला नाही. पहिल्या सुमारे ६० दिवसांत तो वाढत गेला. या घटनेला संशोधक तलफेचे ‘उबणे’ म्हणतात. महिना काढला, शरीर सावरले, चेहऱ्यावर तेज आले, घरच्यांनी निःश्वास सोडला, आणि नेमक्या त्याच सुमारास जुन्या गल्लीच्या कोपऱ्यावर मनुष्य पुन्हा घसरला, हा अनुभव व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. तराजूच्या उपमेवर विसंबलेला वाचक अशा वेळी ‘याने मुद्दाम केले’ असा निष्कर्ष काढील. तलफ आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, तो महिन्यानंतरही सावध राहील.

चौथा आक्षेप व्यावहारिक आहे. कादंबऱ्या, मोबाईल, गोड पदार्थ आणि हेरॉईन ही सर्व एकाच तराजूवर ठेवल्यामुळे ‘उपवासा’चा उपाय सर्वांना सारखाच लागू पडतो, असे वाटू लागते. मद्य, झोपेच्या काही गोळ्या वा अफूवर्गीय द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्यांनी ती एकाएकी सोडू नयेत, असा इशारा लेखिकेने दिलेला आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु ग्रंथाचा सारांश जेव्हा कर्णोपकर्णी पसरतो तेव्हा उपमा उरते आणि इशारा गळून जातो. वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते घरीच अचानक बंद केले, तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. संकल्पाच्या उत्साहात हे विसरता कामा नये. असा संयम वैद्यकीय देखरेखीखालीच सुरू व्हावा.

६. मागन्दिय सुत्तातील कुष्ठरोगी

मज्झिम निकायातील मागन्दिय सुत्तात एक दृष्टान्त आहे. एक कुष्ठरोगी जखमांच्या कंडूमुळे निखाऱ्यांच्या खड्ड्यावर अंग शेकीत असतो. जखमा जितक्या खाजवाव्या व शेकाव्या तितक्या त्या अधिक चिघळतात. तरी त्या क्षणी त्याला काहीसे बरे वाटते. वैद्याच्या उपचाराने तो बरा झाला, तर मात्र दोन बलवान पुरुषांनी ओढीत नेले तरी तो त्या खड्ड्याजवळ जाणार नाही. अग्नी पूर्वीही दाहकच होता. रोगाने त्याच्या इंद्रियांना अपाय झाल्यामुळे दाह त्याला सुखद भासत होता, असे तेथे म्हटले आहे.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्त यास पूरक आहे. अशिक्षित मनुष्य दुःखद वेदनेने विद्ध झाला की कामसुखाकडे वळतो, कारण त्या वेदनेतून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नसतो, असे ते सांगते. माघारीच्या यातना टाळण्यासाठी पुन्हा द्रव्य घेणाऱ्या माणसाचे कूब यांनी केलेले वर्णन याच्या जवळ जाते.

तराजूच्या उपमेहून कुष्ठरोग्याचा दृष्टान्त दोन बाबतींत सरस आहे. एक तर त्यात भोक्त्याच्या इंद्रियांतील बदल केंद्रस्थानी आहे. निखारा तोच, शरीर बदललेले. दुसरे असे की, त्यात रोग्याची निंदा नाही. त्याला खड्ड्यापासून हुसकावणाऱ्या माणसाऐवजी वैद्य तेथे येतो.

तथापि यावरून ‘हे सर्व त्रिपिटकात आधीच होते’ असा जयघोष करणे अभ्यासकाला शोभणार नाही. दृष्टान्ताचा विषय समस्त कामभोग आहे, मद्यासक्ती हा नाही. बरा झालेला कुष्ठरोगी खड्ड्याकडे पाहातही नाही; बरा झालेला व्यसनी मात्र खुणा दिसताच आजही ओढला जाऊ शकतो, हे ‘उबणाऱ्या’ तलफेने दाखविले आहे. दृष्टान्त आणि प्रयोग यांचा प्रांत भिन्न आहे.

तीच गोष्ट तण्हा व डोपामाईन यांच्या समीकरणाची. प्रतीत्यसमुत्पादात वेदना हा तण्हेचा प्रत्यय आहे; म्हणजे दोहोंत भेद गृहीत धरलेला आहे, आणि त्यांच्यामधील सांध्यावर जागृतीला वाव आहे. आवडणे आणि हवे असणे यांचा भेद या मांडणीशी सुसंवादी आहे, एवढे म्हणता येते. परंतु तण्हेत भवतण्हा आणि विभवतण्हाही येतात. अस्तित्वाची आणि अनस्तित्वाची ती तृष्णा एका द्रव्यात कोंबता येत नाही. उलट डोपामाईन हे चालण्यासाठी, शिकण्यासाठी, उठून पाणी घेण्यासाठीही लागते. ते झिजले की कंपवात जडतो. पालि परंपरेत ‘छन्द’ हा शब्द कुशल कर्माच्या इच्छेसाठीही येतो. धम्म ऐकण्यासाठी पाऊल उचलणाऱ्या माणसाच्या मेंदूतही डोपामाईनच काम करीत असते. त्याला शत्रू ठरवून त्याचा ‘उपवास’ करण्याची भाषा म्हणूनच सदोष आहे.

७. उतरंड आणि संगत

ग्रंथाच्या शेवटच्या भागात सत्यकथन आणि समाजाने स्वीकारलेली लज्जा यांवर दोन प्रकरणे आहेत. चूक कबूल करणाऱ्याला बाहेर न टाकता सामावून घेणारा समूह त्याला सावरतो, हा तेथील विचार ग्रंथातील सर्वोत्तम होय. परंतु समाजाचा प्रश्न येथेच संपत नाही. ग्रंथाच्या दृष्टीने व्यसनाचे मूळ प्रामुख्याने विपुलतेत आहे. सर्व काही सहज मिळू लागले म्हणून मनुष्य आहारी जातो. अमेरिकेतील सुस्थित वर्गाबाबत हे काहीसे खरे असेल. अभाव, अवहेलना आणि एकाकीपण यांतून येणाऱ्या व्यसनाचे काय, याचे उत्तर मात्र अपुरेच राहाते.

या संदर्भात २००२ साली मॉर्गन, नेडर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला माकडांवरील अभ्यास विचारार्ह आहे. आधी एकेकटी ठेवलेली माकडे नंतर गटात ठेवली गेली. गटात उतरंड तयार झाली. वरच्या पायरीवरील माकडांच्या मेंदूत डी-२ ग्राहींची उपलब्धता वाढली. खालच्या पायरीवरील माकडांत ती वाढली नाही. कोकेन उपलब्ध करून दिले तेव्हा खालच्या पायरीवरील माकडांनी ते अधिक घेतले. माकडांवरून माणसांविषयी थेट निष्कर्ष काढू नये. परंतु ज्या समाजाला उतरंडीचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे, त्याने हा निष्कर्ष दुर्लक्षूही नये. ग्राहींची संख्या हे व्यसनाचे केवळ फळ नसते; समाजातील स्थान हेही तिच्या कारणांत असू शकते.

परिस्थिती बदलली की काय घडू शकते, याचा मानवी दाखला ली रॉबिन्स यांच्या १९७४ सालच्या अभ्यासात मिळतो. व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश तेथे असताना अफूवर्गीय द्रव्यांच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी केवळ ५ टक्केच पुन्हा त्या अवस्थेत गेले. तसेच २०१८ साली वेनिरो व सहकाऱ्यांनी दाखविले की, द्रव्य आणि दुसऱ्या उंदराची संगत यांतून निवड करावयास दिली असता उंदीर बहुधा संगतच निवडतात. संगत हेही एक नैसर्गिक पारितोषिक आहे, आणि ते मादक द्रव्याशी टक्कर देऊ शकते. पुण्यातील मुक्तांगण संस्थेने १९८६ पासून आपल्याकडे जे काम उभे केले, त्यात औषधांइतकेच समूहाला आणि कुटुंबाला स्थान आहे, ते यामुळेच अर्थपूर्ण ठरते.

८. ध्यानाविषयी दावे

संयमाच्या महिन्यासाठी लेम्बके यांनी सांगितलेल्या आठ पायऱ्यांत सजगतेचाही समावेश आहे. आपल्याकडील वाचक येथे सुखावेल. म्हणून पुराव्याची मर्यादा स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेतील सिएटल येथील एका सुधारगृहात गोएंका परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे झाली, आणि सारा बोवेन, ॲलन मार्लाट व सहकाऱ्यांनी २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींचे मद्य व मादक द्रव्यांचे सेवन इतरांहून कमी आढळले. परंतु शिबिरात कोणी जावे हे बंद्यांनी स्वतः ठरविले होते. जे गेले ते मुळातच अधिक निश्चयी असतील, ही शंका उरते. २०१४ साली बोवेन व सहकाऱ्यांनी २८६ व्यक्तींची यादृच्छिक विभागणी करून सजगतेवर आधारित उपचार तपासला. सहा महिन्यांनंतर तो नेहमीच्या उपचारांहून सरस, परंतु प्रचलित मानसोपचाराच्या बरोबरीचा ठरला. बारा महिन्यांनंतर मात्र सजगतेच्या गटात सेवनाचे दिवस दोन्ही गटांहून कमी होते.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. चमत्कार सिद्ध करणारे नाहीत. वेदनेकडे पाहात राहिल्यास तलफ उठते, चढते आणि ओसरते, हा अनुभव ध्यानात येतो आणि तो उपयोगी पडतो. पण हे सर्व सहभागी प्राथमिक उपचार घेतलेले होते. शरीर थरथरत असताना, आकडीचा धोका असताना, ‘श्वासाकडे पाहा’ एवढेच सांगणे ही करुणा नव्हे.

९. समारोप

पंचशीलातील पाचव्या शीलाचे कारण म्हणून परंपरेने जो शब्द दिला आहे तो ‘पमाद’, म्हणजे जागृतीचा लोप, असा आहे. मद्यपानाच्या विनय नियमामागील कथाही हेच सुचविते. नागाला आपल्या सामर्थ्याने नमविणाऱ्या सागत भिक्खूला कोसम्बीच्या उपासकांनी आदरापोटी घरोघरी मद्य दिले, आणि तो नगरद्वारी कोसळला. एवढा समर्थ मनुष्य आता साध्या जीवालाही तोंड देऊ शकणार नाही, याकडे बुद्ध भिक्खूंचे लक्ष वेधतात. त्या कथेत पेला भरणारे हात भक्तांचे होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

‘डोपामाईन नेशन’ हा वाचनीय आणि सद्‌भावाने लिहिलेला ग्रंथ आहे. सुखाच्या अतिरेकातून दुःख उपजते, हे त्याचे सांगणे खरे आहे. परंतु व्यसनी मनुष्य सुखासाठी घेतो की दुःख टाळण्यासाठी, एवढ्या दोनच शक्यता तो मनावर ठसवितो. तिसरी शक्यता अशी की, सुख सरले आहे, माघारीचे दुःखही ओसरले आहे, आणि तरीही ‘हवे’ हा हुंकार उरला आहे. त्या हुंकाराला आस्वाद समजून आपण माणसाला लोलुप म्हणतो, तेथे आपली चूक होते. दारू न आवडणारा, दारूला शिव्या देणारा, आणि तरीही संध्याकाळी गुत्त्याकडे वळणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याचे आवडणे आणि त्याचे हवे असणे यांची ताटातूट झालेली असते.

विहारात अशा माणसाची पत्नी, आई वा मुलगा सल्ला मागण्यासाठी आला, तर त्याला तीन गोष्टी सांगता याव्यात. प्रथम वैद्याकडे न्या, कारण एकाएकी बंद करण्यात धोका आहे आणि उपयोगी औषधे उपलब्ध आहेत. महिन्यानंतर निश्चिंत होऊ नका. त्याची वाट, त्याची वेळ आणि त्याची संगत बदलण्यास मदत करा. आणि तो पुन्हा घसरला तर त्याच्या आसनाची जागा रिकामी ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. शीलाचा उच्चार समूहाने मिळून करावयाचा असतो. ज्याचा तोल गेला आहे त्याला त्या समूहाची गरज इतरांहून अधिक आहे.